पिवळा दिवा, लाल रेघ

माझ्या उजव्या कानाच्या वर, हाडापाशी, एक घट्टा आहे. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं आणि त्याची मूठ त्या हाडाला लावायची, म्हणजे आत काय चाललंय ते ऐकू येतं. डॉक्टर छातीला नळी लावतात तसंच. तीस-पस्तीस वर्षं हेच केलं, त्याचा हा घट्टा. बायको म्हणते, माणसांचं ऐकायला कधी इतका कान लावला असता तर संसार सुखाचा झाला असता. असो.

घर भोरात, गॅरेज नसरापूरला, चेलाडी फाट्यावर. वेल्ह्याचा रस्ता जिथून आत वळतो तिथं. धंदा मी पुण्यात एका उस्तादांकडे शिकलो. उस्तादांनी दोनच नियम दिले. पहिला, आधी ऐकायचं, मग खोलायचं. दुसरा, गाडीतून जो पार्ट काढशील तो वर्तमानपत्रात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. त्याला तो कळो न कळो. त्याचा पार्ट, त्याला परत. नव्या पार्टाचे पैसे घेऊन जुनाच घासूनपुसून बसवणारे महाभाग आमच्यात होते आणि आहेत, त्यावर हा इलाज. हा दुसरा नियम मी इतका पाळला की हात आपोआप वर्तमानपत्र शोधायचे. त्याच हातांनी मला एकदा कसं पकडून दिलं, ते पुढं येईल.

नव्वदच्या सालात आमच्याकडं कामं होती ती जीपची. नसरापूर ते वेल्हे, आत सोळा माणसं, मागं लटकलेली चार, टपावर भाताची पोती. डिझेल, हवा आणि कम्प्रेशन, एवढ्यावर ती चालायची. धूर काळा तर डिझेल जास्त, धूर निळा तर ऑइल जळतंय, धूरच नाही तर ड्रायव्हर जेवायला गेलाय. वायर म्हणजे सेल्फ, हॉर्न आणि दोन दिवे. बाकी सगळं लोखंड. पाऊस संपेपर्यंत त्या इंजिनांवर एवढा चिखल बसायचा की नट शोधायला खुरपं लागावं. म्हणून मी एक प्रथा पाडली. खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, जुन्या गिऱ्हाइकांची इंजिनं फुकट धुवून द्यायची. डिझेलचा फवारा, मग साबणाची पावडर, मग पंपाचं जोरदार पाणी. इंजिन असं निघायचं की त्यात तोंड बघून घ्यावं. भिंतीवर पाटीही रंगवून घेतली होती, निळ्या अक्षरांत: ‘खंडेनवमीला इंजिन धुवून मिळेल. मोफत.’ त्या पाटीचा मला भारी अभिमान. खंडेनवमीला गॅरेजपुढं झेंडूच्या माळा घातलेल्या गाड्यांची रांग लागायची आणि मी पंप धरून उभा.

मग दोन हजार साल उलटलं आणि दिवा आला.

नव्या गाड्यांच्या काचेमागं, स्पीडच्या काट्याशेजारी, एक छोटा पिवळा दिवा असतो, इंजिनाच्या आकाराचा. तो लागला की समजायचं, गाडीच्या काँप्युटरला काहीतरी खटकलंय. नुसता दिवा लागला तर एक वेळ ठीक, पण कधी कधी दिवा लागतो आणि गाडीची ताकदच जाते. एक्सलेटर दाबा, नाचा त्याच्यावर, गाडी पिकअप घेत नाही. तीसच्या वर काटा जात नाही. गाडी बिघडलेली नसते, ती घाबरलेली असते. आपल्याला काहीतरी झालंय, जास्त पळालो तर मरू, अशा समजुतीनं ती स्वतःला आवरते. शोरूमच्या पोरांकडं त्याला इंग्रजी नाव आहे. आमच्याकडं म्हणायचे, गाडी रुसली.

पहिल्यांदा हा दिवा घेऊन एक कंत्राटदार आला होता. त्यानं दिव्यावर गणपतीचं स्टिकर चिकटवलं होतं. म्हणाला, आता लागत नाही. मी म्हटलं, लागतो हो, आता तो फक्त देवाला दिसतो.

हसलो त्याला. पण खरं सांगायचं तर त्या दिव्यातलं मला त्याच्यापेक्षा जास्त काही कळत नव्हतं. स्क्रू ड्रायव्हर लावला तर इंजिन झकास वाजत होतं. कानाला जे ऐकू येत नाही ते दुखणं मला ठाऊकच नव्हतं, आणि ते कबूल करायची जीभही नव्हती.

आता गुरुजी. गायकवाड गुरुजी भोरच्या शाळेत मला चौथीला होते. मूळचे पालीचे, राजगडाच्या पायथ्याचे. त्यांच्या वर्गात खोडरबर चालायचं नाही. कुणाच्या दप्तरात सापडलं तर ते टेबलाच्या खणात जायचं आणि वार्षिक परीक्षेनंतर परत मिळायचं. चूक झाली की त्यावर एक आडवी रेघ मारायची आणि शेजारी बरोबर लिहायचं. खोडलं की मार पडायचा नाही, पण गुरुजी ती वही हातात घेऊन नुसते बघत राहायचे, ते छडीपेक्षा वाईट. माझ्या वह्या त्या साली रेघांनी भरल्या होत्या. गुणांनी नव्हत्या भरल्या, ते जाऊ द्या.

निवृत्त होऊन गुरुजी पालीला जाऊन राहिले. भातशेती थोडी, मुलगी पुण्यात दिलेली. आणि वर्षा-दोन वर्षांत काकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, मूत्रपिंडांनी दगा दिला. डॉक्टरांनी आठवड्यातून दोनदा डायलिसिस सांगितलं. म्हणजे रक्त यंत्रातून गाळून परत अंगात घालायचं. ते यंत्र पुण्यात. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी एकची वेळ ठरलेली. वेळ चुकली तर दुसऱ्याचा नंबर लागतो, आणि पाळी हुकली तर अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, श्वास लागतो. एसटीनं जाणं पहिले दोन महिने केलं त्यांनी. जाताना एक वेळ चालून जायचं, पण यंत्रावरून उठलेलं माणूस पिळून काढलेल्या कपड्यासारखं होतं, त्याला फाट्यावर दुसऱ्या गाडीची वाट बघत कसं बसवणार? म्हणून गुरुजींनी फंडातून एक सेकंडहँड डिझेल गाडी घेतली. कंपनीचं नाव घेत नाही, कारण दोष गाडीचा नव्हताच.

साठाव्या वर्षी गुरुजी गाडी शिकले. चालवायचे अगदी शिकवायचे तसे. वळणावर सिग्नल द्यायचेच, पुढं फक्त म्हशी असल्या तरी. काकू शेजारी उशी घेऊन बसलेल्या. फाट्यावर आले की माझ्या गॅरेजसमोर थांबायचे, मी हवा बघायचो, पाणी बघायचो, काकूंना चहा विचारायचो आणि त्या म्हणायच्या, ‘चहा नगं रं बाबा, पाणी मोजून प्यायला सांगितलंय.’ दर वेळी मी विसरायचो आणि दर वेळी विचारायचो.

गुरुजींचं गणित पक्कं होतं. पावसाळ्यात वेल्ह्याच्या रस्त्याचा भरवसा नसतो, ओढे वर येतात, दरड येते. तेव्हा पुढच्या पावसाळ्याचे चार महिने पुण्यात दवाखान्याजवळ खोली भाड्यानं घ्यायची, म्हणून त्यांनी पैसे वेगळे काढून ठेवले होते. हे मला त्यांनीच सांगितलेलं. म्हणाले, चार महिने निघाले की बाकीचे आठ ही गाडी काढेल.

त्या साली खंडेनवमीला गुरुजी गाडी घेऊन आले. गुरुजी बौद्ध, पूजाअर्चा करत नाहीत. मी नमाजी माणूस. शेजारच्या चहावाल्यानं सगळ्या गाड्यांपुढं नारळ फोडले, तो गुरुजींच्या गाडीपुढंही फोडू लागला. गुरुजी म्हणाले, मीही करत नाही, रशीदही करत नाही, मग हा नारळ कुणाचा? चहावाला म्हणाला, गाडीचा. त्यावर गुरुजी हसले आणि त्यांनी खोबरंही खाल्लं. आणि मी? मी त्या दिवशी पंप धरला आणि म्हटलं, गुरुजी, सगळ्यांची मोफत, पण तुमची गुरुदक्षिणा म्हणून. बाकीच्यांपेक्षा दुप्पट पावडर टाकली, दुप्पट पाणी मारलं. बोनटखालची एक बोळकंडी सोडली नाही. त्या गाडीत जीपसारखं नुसतं लोखंड नव्हतं, वायरींचं जाळं होतं, जागोजाग वायरी जोडणारे प्लॅस्टिकचे सॉकेट होते, ते मला दिसत होते. पण हात जीपचे होते, आणि जीव भरून धुवत होतो.

दिवाळी झाली, भातं कापून झाली आणि एका मंगळवारी गुरुजींचा मोबाईल आला. शिंदेवाडी ओलांडून कात्रजच्या चढाला लागल्यावर पिवळा दिवा लागला होता आणि गाडी पिकअप सोडून बसली होती. मागून ट्रक हॉर्न मारतायत, आणि गुरुजी तीसच्या स्पीडनं, सिग्नल देऊन, डाव्या कडेनं बोगद्यापर्यंत गेले. पोचले वेळेवर, कारण ते नेहमीच तासभर आधी निघायचे.

परतताना गाडी माझ्याकडं आणली. मी स्क्रू ड्रायव्हर लावला. ठणठणीत. डिझेल फिल्टर बदलला, जुना वर्तमानपत्रात बांधून दिला. बॅटरीची वायर काढून पाच मिनिटांनी परत लावली, दिवा गेला. मी खूश. आठवड्यानं पुन्हा लागला. पुन्हा वायर काढली, पुन्हा गेला. मग मी गुरुजींनाच युक्ती शिकवली, की दिवा लागला तर कडेला घ्या, चावी बंद करा, तीसपर्यंत मोजा, चालू करा. गुरुजी रस्त्याच्या कडेला डोळे मिटून तीस मोजायचे. काकू म्हणायच्या, ‘ह्यांनी उभ्या जन्मात पोरांना मोजाय लावलं, आता गाडी ह्यांना मोजाय लावती.’

हसण्यावारी नेत होतो आम्ही. आणि डिसेंबरात एका शुक्रवारी गाडी चढावर चार वेळा बसली. तीन वेळा तीस मोजून झाले, चौथ्यांदा दिवा गेलाच नाही. दवाखान्यात पोचले तेव्हा यंत्रावर दुसरा माणूस होता. काकूंची पाळी थेट रविवारी लावली. त्या दोन दिवसांत त्यांना आडवं होता येईना, बसून रात्र काढली. मला हे गुरुजींनी नंतर सांगितलं, आवाज न चढवता. मी त्या दिवशी जेवलो नाही.

त्यानंतर गाडी पुण्याला मोठ्या वर्कशॉपला गेली. त्यांनी काँप्युटर जोडला. काँप्युटर म्हणाला, एक्सलेटरच्या पेडलचा सिग्नल चुकतोय. ते म्हणाले, अख्खं पेडल बदला आणि इंजिनाच्या तोंडाशी हवेचा पडदा असतो तोही बदला. खर्च चौतीस हजार. गुरुजी तो कागद घेऊन माझ्याकडं आले. म्हणाले, रशीद, तू सांगशील तसं करू.

हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही. तेव्हा मी म्हणायला हवं होतं की गुरुजी, मला यातलं कळत नाही, कळणाऱ्याला विचारू. ते न म्हणता मी कागद वरून खाली वाचला, मान हलवली आणि म्हटलं, काँप्युटर सांगतोय म्हणजे बदलावंच लागेल. जसं काही मीही तेच सांगणार होतो. पावसाळ्यातल्या खोलीचे पैसे त्या पेडलात गेले.

पंधरा दिवस गाडी पाण्यासारखी चालली. सोळाव्या दिवशी त्याच चढावर दिवा. वर्कशॉप म्हणालं, मग गाडीचा काँप्युटरच बदला, आणखी पन्नास हजार धरून चला. गुरुजी गॅरेजात येऊन बाकावर बसले. एका दलालानं गाडीला भंगाराच्या जरा वरचा भाव सांगितला होता. गुरुजी म्हणाले, देऊन टाकतो, जीपनं फाट्यापर्यंत येऊ आणि पुढं एसटी. काकू गाडीतच बसलेल्या होत्या, त्यांनी मान दुसरीकडं फिरवली. त्यांना ते ऐकू आलं होतं.

मी म्हटलं, दोन दिवस द्या.

भोरात चंदू म्हणून वायरमन आहे. गाड्यांच्या वायरिंगचंच काम करतो. आम्ही सात वर्षं बोलत नव्हतो. कारण काय, तर त्यानं एकदा चारचौघांत म्हटलं होतं की रशीदभाईंचा कान आता पेन्शनीत निघाला. मी त्याच्या दुकानात जाऊन उभा राहिलो तेव्हा त्यानं हातातली सोल्डरिंग गन खाली ठेवली आणि स्टूल पुढं सरकवलं, एवढंच. मेल्यानं एक टोमणासुद्धा मारला नाही, त्याचं मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी चंदू मीटर घेऊन नसरापूरला आला. काम करता करता त्यानं मला समजावलं ते असं. या गाडीत एक्सलेटरपासून इंजिनापर्यंत तार जात नाही, नुसती वायर जाते. पेडलखाली दोन साक्षीदार बसवलेले असतात. पाय किती दाबलाय ते दोघं वेगवेगळ्या वायरीनं काँप्युटरला कळवतात. दोघांची साक्ष जुळली तर काँप्युटर इंजिनाला ताकद देतो. जुळली नाही तर तो कुणावरच विश्वास ठेवत नाही, पिवळा दिवा लावतो आणि गाडी हळू करतो. आता साक्षीदार तर नवेच बसवलेत, मग खोटं कोण बोलतंय? मधली वायर. चंदू पेडलपासून ती वायर चाचपत बोनटखाली आला. इंजिनामागं, भिंतीला लागून, एक सॉकेट होता. त्यानं तो ओढून वेगळा केला आणि माझ्यापुढं धरला. आतली एक पिन हिरवी पडली होती, गंजून काडीसारखी झालेली. इंजिन तापलं, चढाला थरथरलं, की ती पिन सुटायची. वर्कशॉपवाल्यांनी पेडल बदलताना सगळे सॉकेट काढून घातले, तेव्हा ती घासली गेली आणि पंधरा दिवस चालली.

मग चंदूनं विचारलं, ‘ह्याच्यावर पानी कुनी मारलं?’

मी म्हटलं, पालीचा पाऊस.

त्यानं सॉकेटाच्या कडेचं काहीतरी नखानं खरवडलं. पांढरं, सुकलेलं. बोटावर घेऊन मला दाखवलं. म्हणाला, ‘रशीदभाई, पावसात साबन नसतो.’

भिंतीवरची पाटी त्याच्या डोक्यामागंच होती. त्याला वळून बघायची गरज पडली नाही, मला मात्र दुसरीकडं बघता येईना. सॉकेट आणि पिना मिळून पंचेचाळीस रुपये झाले. नवा सॉकेट जोडून चंदूनं त्यात ग्रीस भरलं, आपले पैसे घेतले नाहीत. जाताना म्हणाला, ‘सांगायची काय गरज न्हाई. दिवा गेला न्हवं.’

गाडी मी स्वतः कात्रजचा चढ दोनदा चढवून आणली आणि पालीला पोचवायला गेलो. सांगायचंच ठरवून गेलो होतो. मार्गासनीपर्यंत वाक्यं जुळवत होतो. अंगणात काकू भात पाखडत बसल्या होत्या, गुरुजी बाहेर आले. मी म्हटलं, सॉकेटात पाणी गेलं होतं, पिन गंजलेली, आता कायमचं काम झालं. गुरुजी म्हणाले, आमच्या इकडचा पाऊसच तसला. आणि मी म्हटलं, व्हय, पाऊसच तसला.

झालं. एवढंच बोललो. आणि हातानं, सवयीनं, वर्तमानपत्रात बांधलेला जुना सॉकेट त्यांच्या हातात ठेवला.

त्यानंतर मी काय काय केलं ते सांगतो, म्हणजे माझी अवस्था कळेल. गाडीचं सगळं काम फुकट करू लागलो. पावसाळा तोंडावर आला तेव्हा पुण्यात कोंढव्याला माझी मोठी बहीण राहते, तिच्या माडीवरची खोली काकू-गुरुजींसाठी उघडून घेतली. बहीण आणि काकू अशा जमल्या की चार महिन्यांनी निघताना दोघी रडल्या. त्या चार महिन्यांत काकूंची एकही पाळी चुकली नाही. आणि गुरुजी ज्याला त्याला सांगायचे, की हा माझा चौथीचा विद्यार्थी, यानं आम्हाला पावसाळा काढून दिला. एसटीत सांगितलं, दवाखान्यात नर्सला सांगितलं. लोक माझ्याकडं बघून हसायचे, आणि मला वाटायचं, जमीन फाटावी.

पुन्हा खंडेनवमी आली. झेंडू, नारळ, रांग. गुरुजींची गाडी लागली, काकू आत उशीला टेकून. मी बोनट उघडलं. त्या वर्षी मी प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि रबरं आणून ठेवली होती. एकेका सॉकेटाला पिशवी बांधायला सुरुवात केली. गुरुजी शेजारी उभे राहून बघत होते, वर्गात मागं हात बांधून उभे राहायचे तसे. तिसऱ्या पिशवीला म्हणाले, गेल्या खेपेला बांधल्या नव्हत्यास.

मी चौथी पिशवी बांधायला घेतली. त्यांनी गाडीचा खण उघडला. आतून वर्तमानपत्राची पुडी काढली आणि माझ्या टेबलावर सोडली. तो सॉकेट. कडेला ते पांढरं तसंच होतं. काढून टाकलेल्या पार्टात बघायचं काय, असं कुठलंही गिऱ्हाईक म्हणालं असतं. पण ज्या माणसानं जन्मभर वह्या तपासल्या, तो पुडी बांधलेली तशी ठेवील होय?

‘रशीद,’ गुरुजी म्हणाले, ‘तू खोडरबर वापरलंस.’

पन्नाशीचा माणूस मी, माझे हात ग्रीसनं भरलेले, ते पाठीमागं गेले. मग मी सगळं सांगितलं. पाणी मी मारलं, पावडर मी टाकली, दुप्पट टाकली. चंदूनं दाखवलं तेव्हा कळलं आणि तुमच्या अंगणात तोंडाशी आलेलं गिळलं. आणि त्याच्या आधीचंही सांगितलं, की तुम्ही तो चौतीस हजारांचा कागद आणलात तेव्हा मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. रांगेतले चार जण ऐकत होते, ऐकू दिलं.

गुरुजींनी ऐकून घेतलं. म्हणाले, पाणी मारलंस ते प्रेमानं मारलंस, त्याचं मला काही नाही. खोलीही घेतली, कारण हिला तिची गरज होती. पण आठ महिने वाट बघत होतो.

काकूंनी गाडीच्या काचेतून डोकं बाहेर काढलं. त्या सुजऱ्या, दमलेल्या चेहऱ्यावर रागाचं नाव नव्हतं, तेच मला सोसलं नाही. म्हणाल्या, ‘लई दिवस लावलंस रं. मला तर ह्यांनी तवाच दावलं हुतं. आता रडू नगंस, पिशव्या बांध. उद्या मला जायाचंय.’

दुसऱ्या दिवशी दसरा, आणि शुक्रवारही. चढावर दिवा लागला नाही. काकू त्यानंतर साडेतीन वर्षं होत्या. तेवढ्या वर्षांत गाडीमुळं त्यांची एकही पाळी चुकली नाही. हे मी बढाई म्हणून सांगतो, कारण या सगळ्यात बढाई मारण्यासारखं तेवढंच आहे. चंदू आता माझ्या गॅरेजात निम्मा भागीदार आहे. दिवा तो बघतो, आवाज मी ऐकतो. गाडी आली की आधी विचारतो, पाणी कधी लागलं? आणि खर्चाचा कागद घेऊन कुणी आलं आणि मला त्यातलं कळत नसलं, तर कळत नाही म्हणतो. सुरुवातीला दाताखाली खडा आल्यासारखं व्हायचं, आता सवय झाली.

गुरुजी आता पुण्याला मुलीकडं असतात. डोळ्यांना कमी दिसतं, तरी हे ज्या अंकात छापून येईल तो ते भिंग लावून वाचणार, आणि शेजारी लाल पेन असणार हे मला ठाऊक आहे.

त्या दसऱ्यानंतर पाटी रंगवणारा आला होता. म्हणाला, जुनी अक्षरं पांढऱ्या रंगानं पुसून टाकू, वर नवीन लिहू. मी त्याच्या हातून ब्रश घेतला, लाल रंगात बुडवला आणि ‘इंजिन धुवून मिळेल. मोफत.’ यावरून एक आडवी रेघ मारली. खालची अक्षरं स्वच्छ वाचता येतील अशी.

बारा-तेरा वर्षं झाली. पाटी तशीच आहे.